अकरा सेंटिमीटरची रेघ

कट्टा गावच्या बाजारात एसटी थांबते, तिथून दहा पावलांवर झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानदारावर मी अजून चिडलेली आहे. तो भला माणूस आहे हे मला माहीत आहे, म्हणून तर जास्तच चिडलेली आहे. वाईट माणसाला चार शब्द सुनावून मोकळं होता येतं. भल्या माणसावरचा राग घरी घेऊन यावा लागतो, आणि मग तो भांड्यांवर निघतो.

मी वाशीमकडची. इथे मालवणच्या बाजूला आले ती पुण्याच्या एका ब्युरोमार्फत, पेशंट सांभाळायला. तीन महिन्यांचं काम आहे असं सांगितलं होतं. पेशंट म्हणजे टीचर. गावच्या प्राथमिक शाळेत जन्म घालवून निवृत्त झालेल्या. झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांचे यजमान म्हणजे सर, हायस्कुलात भूमिती शिकवायचे. मूलबाळ नाही. मी ‘मले’ म्हटलं की सर हसायचे आणि सर ‘माका’ म्हणाले की मला हसू यायचं. टीचर दोघांकडे बघून ओठाच्या डाव्या कोपऱ्याने हसायच्या. तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. त्या दीड वर्षात मी त्यांना अंघोळ घातली, भरवलं, दर दोन तासांनी कूस बदलली. त्यांचा आवाज मात्र एकदाही ऐकला नाही.

त्या गेल्या, आणि आठ दिवसांनी मी बॅग भरली.

“खंय चललंस?” सर म्हणाले.

“पेशंट नाही तर काम नाही, सर.”

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. हात थरथरत होते, नुसते धरलेलेही. “ह्यो बघ नवो पेशंट,” म्हणाले.

त्याला आता सहा वर्षं झाली. या घरात मला वेगळी खोली आहे, खिडकीत जास्वंद आहे, आणि नाताळात पहिली करंजी माझ्या ताटात पडते. तरी सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा वाटतं ते हेच, की आज कुणीतरी म्हणणार, चुकून ठेवून घेतलं होतं हिला, जा आता. ही भीती कुठल्या गोळीने जात नाही. आणि जे झालं ते या भीतीनेच झालं, झेरॉक्सवाल्याने अर्धंच केलं.

टीचर जाऊन महिना झाला तेव्हा चर्चमधल्या मिस्साहून, म्हणजे प्रार्थनेहून, आलो त्या दिवशी सरांनी मस्कतच्या नातेवाइकाकडून आलेला जुना रेकॉर्ड प्लेअर उघडला आणि एक रेकॉर्ड काढली. टीचर लग्नाआधी मुंबईत शिकायला होत्या, तिथल्या चर्चच्या गायनवृंदात होत्या. पाद्रींनी हौसेने त्या मुलामुलींची एक रेकॉर्ड काढून घेतली होती. मोजक्याच निघाल्या, गाणाऱ्यांना एकेक मिळाली. दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं, अगदी शेवटचं, मधल्या कागदाला टेकलेलं. सगळे गाता गाता थांबतात आणि एकच मुलगी दोन ओळी म्हणते.

“हीच ती,” सर म्हणाले. “ही टीचर.”

ज्या माणसाचं अंग मला तळहातासारखं पाठ होतं, त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बारीक नव्हता, मला वाटला होता तसा. चांगला जाड, ठणठणीत, भाजीवालीशी भांडू शकेल असा. मला टीचरांचा राग आला. एवढा आवाज होता आणि माझ्या वाट्याला एक शब्द नाही.

तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर ते गाणं लागायचं. मग गेल्या पावसाळ्यात सुई गेली. झिजली होतीच, एक दिवस घसरायला लागली. सरांच्या भाच्याने मडगावहून नवीन पाठवली. नुसती सुई नाही, ती जिच्यात बसते ती अख्खी डबी. कार्ट्रिज म्हणतात तिला, अर्ध्या काड्यापेटीएवढी असते. फोनवर म्हणाला, “मामा, हात नको लावू. येऊन बसवतो.” जुलै गेला, ऑगस्ट गेला. तो यायचा होता तो येतच राहिला.

सरांना स्वतःला बसवायला येत होती. पूर्वी त्यांनीच बसवली होती. पण आता त्यांच्या हातात चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. एका सकाळी ते माझ्या हातांकडे बघत बसले. मी तेव्हा त्यांच्या शर्टाला बटण लावत होते.

“तुझे हात आसत मां?” म्हणाले. “मगे भाचो कित्याक होयो?”

भूमितीचा विषय निघाला की सर मालवणी सोडून शुद्ध मराठीत यायचे. जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला समजावलं. रेकॉर्डवरची रेघ गोल फिरते. सुई ज्या दांडीला असते ती एका टोकाला खिळलेली, त्यामुळे सुई कमानीत फिरते. ही कमान आणि ती रेघ सगळीकडे जुळणं शक्य नाही. नेमक्या दोन जागी जुळतात. म्हणून एक कोनमापकाचा कागद असतो. त्याच्या भोकातून प्लेअरचा मधला खुंट घालायचा. कागदावर दोन ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती बारीक जाळी. सुई ठिपक्यावर टेकवायची आणि डबी जाळीच्या रेघांना समांतर आहे का बघायचं. नसेल तर स्क्रू सैल करून डबी केसभर सरकवायची, केसभर वळवायची. मग दुसरा ठिपका. तिथे बिघडलं की पुन्हा पहिला.

“आणि वाकडी बसली तर?” मी विचारलं.

“तर शेवटची गाणी फाटतात. आतल्या रेघा लहान, तिथे चूक मोठी होते. आणि सुई रेकॉर्ड खाते. खाल्लेलं परत येत नाही.”

शेवटचं गाणं कोणतं ते दोघांनाही सांगायला नको होतं.

‘कोनमापक’ हा शब्द ऐकून मला आमची शाळा आठवली होती. आठवीत आमच्या हायस्कुलात भूमितीच्या गुरुजींनी मला कंपास पेटी नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. पहिल्या दिवशी उभी राहिले, दुसऱ्या दिवशी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. घरी कुणी विचारलंसुद्धा नाही, उलट आईला बरं वाटलं, कपाशी वेचायला दोन हात वाढले. त्या गुरुजींवर मी वीस वर्षं चिडून आहे. आणि इथे सरांनी कपाटातून एक पत्र्याची पेटी काढून माझ्यापुढे सरकवली. आत पट्टी, गुण्या, कर्कटक, अर्धगोल कोनमापक, सगळं जागच्या जागी. म्हणाले, “ठेव तुझ्याकडे.” मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

सरांचा जुना कोनमापकाचा पुठ्ठा वाळवीने खाल्ला होता. भाच्याने माझ्या मोबाइलवर तसा कागद पाठवला आणि वर सरांना फोनही केला. सर फोन स्पीकरवर ठेवतात. “मामा, ती पेशंट बघणारी बाई, तिला काय कळतंय कोन-बिन? सलाइन लावायचं काम नाय ते.”

सर हसले. हे मी लक्षात ठेवलं.

तो मोबाइल घेऊन मी कट्ट्याला गेले. झेरॉक्सवाल्याने चित्र बघितलं, म्हणाला, “काय गो ह्यां? पत्रिका?” आणि छापून दिलं. कागद काठोकाठ भरलेला, रेघा स्वच्छ, ठिपके ठसठशीत. खाली एक आडवी रेघ आणि तिच्याजवळ इंग्रजीत बारीक अक्षरांची एक ओळ. मला वाटलं, ज्याने हा बनवला त्याची सही असेल. छापलेलं आहे म्हणजे बरोबरच आहे. आमच्यासारख्या अर्ध्यात शाळा सुटलेल्यांना हातच्या कामात शंभर शंका येतात, छापलेल्यात एकही येत नाही.

दोन दिवस लागले. चार वायरी, लाल, हिरवी, निळी, पांढरी, टाके काढायच्या चिमट्याने एकेक बसवल्या. श्वास रोखून सुई ठिपक्यावर टेकवली. पहिला ठिपका, दुसरा, पुन्हा पहिला. डबी पुढे सरकवत सरकवत स्क्रू खाचेच्या अगदी टोकाला जाऊन टेकले. त्याच्या पुढे जागाच नव्हती. हे मी बघितलं होतं. टोकाला का टेकले, असं एकदा मनात आलंही होतं. पण विचारलं तर सर म्हणतील हिला जमत नाही. म्हणून गप्प राहिले. दोन्ही ठिपक्यांवर डबी रेघांना समांतर झाली तेव्हा सरांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, “माझ्यापेक्षा नीट बसवलंस.”

ते वाक्य मी जपून ठेवणार होते. आता नको वाटतं.

रविवारी रेकॉर्ड लावली. पहिली तीन गाणी सुरेख. चौथं सुरू झालं आणि सगळ्यांच्या आवाजाला कडेने काटे फुटले. टीचरांच्या दोन ओळी आल्या तेव्हा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कापड टरकावल्यासारखा फाटत होता. सरांनी मान वाकडी केली. गाणं संपलं.

“तुका कसा वाटला?”

मी म्हणाले, “छान वाटलं, सर.”

एवढंच. तीन शब्द. काय अडलं होतं मला खरं बोलायला? ‘नीट बसवलंस’ हे ऐकून चार दिवस झाले नव्हते. वाटलं, जुनी रेकॉर्ड आहे, असंच असेल. वाटलं, खरं बोलले तर भाचा म्हणेल, सांगितलं नव्हतं मी? आणि आत कुठेतरी ते सकाळचं, चुकून ठेवून घेतलंय हिला.

पुढच्या रविवारी पुन्हा. “तुका बरा ऐकू येता?” “हो सर.” त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी विचारलंच नाही. दांडी उचलायला मला खूण केली, आणि चष्मा काढून पुसत बसले. असे नऊ रविवार गेले. मधे एकदा ते रिक्षा करून मालवणला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. मला वाटलं मळ काढायला गेले असतील. नवव्या रविवारी म्हणाले, “कान गेले गो माझे. तुका बरा ऐकू येता, माका फाटका. भाच्याक सांगितलंय, पुढच्या आयतारी येवन मशीन आणि रेकॉर्डी घेवन जा म्हणून. माका आता तेचो उपयोग काय?”

मी आत जाऊन तांदूळ निवडले. निवडलेलेच पुन्हा निवडले. स्वतःवर एवढा संताप मला आठवीतल्या त्या दोन दिवसांतही आला नव्हता. तेव्हा निदान बाहेर दुसऱ्याने काढलं होतं. पण बोलले का? नाही बोलले. बोलून सांगणार काय होते? मलाही फाटकं ऐकू येतं, पण का ते माहीत नाही? काम तर मी चोख केलं होतं. दोन्ही ठिपक्यांवर.

गुरुवारी सरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. कट्ट्याला गेले. त्याने कागद काढून दिला. मी सवयीने मूळ कार्ड कागदावरच्या चित्रावर ठेवलं, दोन्ही एकत्र पिशवीत घालायला. कार्डाच्या चारी बाजूंनी चित्र बाहेर डोकावत होतं.

“हे मोठं का आलं?”

“मोठांच काढतंय मी सगळ्यांचां,” तो म्हणाला. “बारीक अक्षर दिसला तर हापिसात म्हाताऱ्यांका परत धाडतत. कागद भरान देवक होयो. तू म्हाताऱ्या मानसाची काळजी घेतंस, माका कळना नाय?”

“सगळं? जे येईल ते?”

“जा येयत ता.”

एसटी समोरून निघून गेली तरी हात वर केला नाही. पुढच्या गाडीने घरी आले, चप्पल न काढता खोलीत गेले आणि तो कोनमापकाचा कागद काढला. खालची ती आडवी रेघ. सहीची. बारीक ओळीतली सगळी इंग्रजी मला वाचता येत नव्हती, पण तिच्यात दहाचा आकडा होता आणि पुढे सेंटिमीटरची दोन अक्षरं होती. ती दोन अक्षरं माझ्या पट्टीवरही आहेत. सरांनी दिलेली पट्टी लावली.

अकरा.

पुन्हा लावली. अकरा. दहाची रेघ अकरा भरत होती. म्हणजे कागदावरचं सगळंच वाढलेलं, ठिपके खुंटापासून लांब गेलेले. आणि मी मूर्खासारखी दोन दिवस श्वास रोखून सुई अगदी बिनचूक चुकीच्या जागी बसवली होती. डबी खाचेच्या टोकाला जाऊन मला ओरडून सांगत होती. पट्टी माझ्या उशाशी होती. नऊ रविवार त्या सुईने टीचरांचा आवाज खाल्ला आणि मी बाजूला बसून ‘हो सर’ म्हणत होते.

रात्रभर भाषण तयार केलं. शुक्रवारी दुपारी सर पेज जेवत होते तेव्हा कागद आणि पट्टी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि भाषण विसरले.

“काय ता?”

“चूक आहे, सर. माझी. कागद मोठा छापला गेलाय. दहाची रेघ अकरा भरते.”

त्यांनी चमचा ठेवला, भिंग घेतलं. भिंग हलत होतं, त्याच्याखाली पट्टीचे आकडे पळत होते. बराच वेळ बघून म्हणाले, “आणि मी पट्टी लावूक नाय. मी! मोजल्याशिवाय बोलू नये, म्हणान पोरांका उभां करी मी बाकावर.” ते जवळजवळ हसत होते. तिथेच थांबले असते तर सुटले असते मी.

“आणखी एक, सर. ते गाणं मलाही फाटकंच ऐकू येत होतं. पहिल्या दिवसापासून.”

हसू गेलं.

“बरा वाटता म्हणालंस.”

“हो.”

“नऊ आयतार.”

“हो.”

“कानाच्या डॉक्टराकडे जावन इलंय मी. त्याना यंत्र घालूक सांगितल्यान.” त्यांचा आवाज चढायला लागला. “कित्याक? कित्याक सांगितलंस खोटां?”

“भीती वाटली.”

“कसली?”

“तुम्ही जा म्हणाल.”

त्यांनी टेबलावर हात आपटला. पेज सांडली, पट्टी खाली पडली. “कागद चुकलो, चुकांदे. रेकॉर्ड फुटान पडली असती तरी मी काय बोललंय नसतंय. पण तू माझे कान काढून घेतलंस गो! दोन महिने हय बसान मी विचार करतंय, आता तिचो आवाज पण गेलो!”

मी रडायला हवं होतं. पण मला आला राग, आणि तोही बुडापासून.

“मग विचारायचं कशाला?” मी ओरडले. “कसं वाटलं म्हणून विचारता, तर ठेवलेलं माणूस काय सांगणार? तुमच्या भाच्याने विचारलं, तिला काय कळतंय कोन-बिन, तर तुम्ही काय केलं? हसले! मले ऐकू आलं ते! मग मी कोणच्या तोंडानं सांगू का माझ्या हातून वाकडं बसलं म्हणून?”

“हसलंय मी?”

“हसले.”

“ठेवलेलां मानूस कोण म्हणालो तुका?”

“म्हणावं लागत नाही.”

बाहेर कुणीतरी माडावरचे नारळ पाडत होतं, झावळी पडल्याचा आवाज आला. सरांनी पेजेत बोट बुडवून टेबलावर सांडलेली शितं एका जागी गोळा करायला घेतली. ती त्यांच्या हाताने गोळा होत नव्हती, आणखी पसरत होती. मी फडकं आणायला उठले नाही. उठणार नव्हतेच.

मग शुद्ध मराठीत म्हणाले, “मी हसलो हे चुकलं.” आणि लगेच मालवणीत, “आणि तू खोटां बोललंस तां पण चुकला. आता भांडान झाला काय? उद्या कट्ट्याक जा. पट्टी घेवन जा.”

शनिवारी मी झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर पट्टी ठेवली.

“कमी करून नाही, वाढवून नाही, कागद भरून नाही. आहे तेवढं. दहाची रेघ दहा आली पाहिजे.”

“हापिसर झालंस मगे!” तो म्हणाला. मागे रांगेत चौघं होती, ती हसली. पहिला कागद काढला, मी मोजला, पावणेदहा. दुसरा पुन्हा अकरा. “आता काय नवऱ्याचां माप घेतंस काय गो?” रांगेतल्या एका बाईने विचारलं. मी पट्टी उचलली नाही. तिसऱ्यांदा त्याने मशीनमध्ये कुठेतरी शंभरचा आकडा घातला आणि रेघ दहा आली. त्याने स्वतः वाकून बघितलं.

“एवड्यान काय होता?” त्याने खरंच विचारलं.

मला सांगायचं होतं काय होतं ते. माझ्याकडे वाक्यं होती, चांगली धारदार. पण त्याने तिसऱ्या कागदाला सुरकुती पडू नये म्हणून तो पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून रबर लावून दिला. म्हणून सांगते, भल्या माणसावर चिडणं फार जड जातं.

रविवारी सर मिस्साहून आले आणि आम्ही खिडकीशी टेबल ओढलं. मी स्क्रू सैल केले. डबी टोकापासून मागे आली, मागे आली आणि खाचेच्या मध्यावर जाऊन थांबली. पुढे काही रेटावं लागलं नाही. सर बॅटरी धरून उभे होते. उजेड ठिपक्यावरून भिंतीवर, भिंतीवरून माझ्या डोळ्यांत.

“सर, ती बॅटरी खाली ठेवा. नाहीतर बाहेर जा.”

“माझ्याच घरात?”

“तुमच्याच.”

त्यांनी बॅटरी ठेवली, पण गेले नाहीत. दुसरा ठिपका जुळत आला होता तेव्हा बाहेर गाडी थांबली. भाचा एक मोठा रिकामा खोका घेऊन दारात उभा. “मामा, हे काय? मी न्यायला आलो आणि तुमचं अजून चालूच?”

“बस थंय,” सर म्हणाले. “आणि तोंडातसून एक शब्द काढू नको. तिचे हात हलतीत.”

भाचा खोका मांडीवर घेऊन बसला. मी स्क्रू आवळले, एकदा हा, एकदा तो, थोडे थोडे. पहिला ठिपका पुन्हा बघितला, दुसरा पुन्हा बघितला. मग कागद काढून पट्टी लावली, तिसऱ्यांदा. दहा.

टीचरांची रेकॉर्ड लगेच लावायला माझी हिंमत होईना. मी म्हणाले, आधी दुसरी एखादी लावू. सर म्हणाले, “दुसरी फाटली काय, नाय फाटली काय, माका काय करूचा आसा? तीच लाव. चौथांच लाव.”

सुई उतरवली. सगळे गायला लागले, आणि काटे नव्हते. प्रत्येक आवाज कडेपर्यंत गुळगुळीत. मग सगळे थांबले आणि टीचर एकट्या गायला लागल्या. तो जाड, ठणठणीत आवाज, ‘स’ला ‘स’, ‘श’ला ‘श’. सर उभेच होते, एक हात खुर्चीच्या पाठीवर, खुर्ची त्यांच्याबरोबर हलत होती. दुसरी ओळ अर्ध्यावर आली आणि एका शब्दावर खरखर झाली. एवढीशीच, नखाने कागद ओरबाडावा तशी. ती गेली, आणि उरलेलं गाणं स्वच्छ पार पडलं.

“ऐकू इला,” सर म्हणाले. कुणालाच म्हणाले नाहीत. “सगळा ऐकू इला.”

भाचा म्हणाला, “मग कान…”

“कान बरे आसत माझे. ह्यो खोको घेवन जा तू. रिकामो नको नेव, नारळ भर.”

आणि त्याने खरंच नारळ भरले. जाताना मला म्हणाला, “बरं बसवलंस हां.” बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण सरांचा भाचा आहे.

तो गेल्यावर मी विचारलं, “सर, ती मधे खरखर झाली ती?”

“ता पयल्यापासून आसा,” ते ताबडतोब म्हणाले.

फार ताबडतोब म्हणाले. मी सहा वर्षं त्यांना गोळ्या देते, कोणती घेतली आणि कोणती खिशात टाकली हे चेहऱ्यावरून ओळखते. पहिल्यापासून असेलही. जुन्या सुईने मी ते गाणं किती रविवार ऐकलं, पण तेव्हा मी शब्द ऐकत नव्हते, आवाज ऐकत होते. म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ती खरखर आधीची आहे की नऊ रविवारांत मी खाल्लेली, हे पट्टी लावून मोजता येत नाही. या जगात तेवढं एक मापायचं होतं मला, आणि त्याचं माप नाही.

ती पेटी अजून माझ्या उशाशी आहे. अकरावाला कागद तिच्यातच घडी करून ठेवला आहे, फेकवत नाही. रविवार पुन्हा सुरू झाले आहेत. जेवण, मग रेकॉर्ड, मग चौथं गाणं. गाण्यानंतर सर विचारतात, “तुका कसा वाटला?” आणि मी वाटतं तेच सांगते. एकदा सांगितलं की पहिल्या गाण्यातला तो पुरुष बेसूर आहे, तर म्हणाले, “तो पुढे पाद्री झालो.”

पण दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, नेमका तो शब्द यायच्या आधी, सर खोकतात. दर रविवारी. खरखर झाकेल एवढाच वेळ खोकतात आणि ती गेली की थांबतात, आणि खिडकीबाहेर बघतात. मला ते कळतं, त्यांना माहीत आहे की मला कळतं. मी दात आवळून बसते. एवढा राग येतो मला त्यांचा, की उठून म्हणावंसं वाटतं, सर, खोकला तरी खरा काढा.